मागच्या बाजूचा आकडा

वटवाघूळ केसात अडकत नाही. हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत फोनवर इतक्या वेळा बोलले आहे की मरताना पाण्याऐवजी तेच तोंडात येईल. केसात अडकत नाही, मुद्दाम अंगावर येत नाही, कान कुरतडत नाही. आणि धूर करू नका. धूर केलात तर ती बाहेर जायची सोडून तुमच्याच खोलीत उतरतील, मग मला फोन करू नका. हे शेवटचं वाक्य बोलायला भाऊजींनी मला मनाई केली आहे. पण ऊन तापलं की माझंही डोकं तापतं, आणि दिवसाला वीस-वीस फोन आले की जिभेला हाड राहत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकांच्या छपरात शिरलेली वटवाघळं काढून देणं हा त्यांचा धंदा. मूळचे ते सुतार. छपराच्या कडेची कुजलेली फळी बदलायला गेले की आत ही मंडळी उलटी लटकलेली असायची, आणि घरमालक म्हणायचा, आलाच आहात तर यांचंही काहीतरी बघा. तसं बघता बघता फळ्या मागे पडल्या आणि वटवाघळं पुढे आली. आता आख्ख्या भागात त्यांना वाघळंवाले म्हणतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, कारण मग मी वाघळंवाल्यांची मेहुणी होते.

माझा नवरा गेला तेव्हा मी एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन ताईकडे चार दिवस राहायला आले. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. भाऊजींनी तेव्हा माझ्यापुढे बारीक जाळीचा गठ्ठा टाकला आणि म्हणाले, "शिंपीणबाई, याचे पडदे शिवून द्या." तेव्हापासून मी पडदे शिवते आणि फोन घेते.

हा पडदा सोपा असतो. वटवाघळं ज्या फटीतून बाहेर पडतात तिच्यावर तो वरून आणि बाजूंनी ठोकायचा, खालून मोकळा सोडायचा. ती आतून सरपटत खाली येतात आणि उडून जातात. परत येताना मात्र थेट फटीवर येऊन बसायला बघतात, जाळी लागते, आत जाता येत नाही. दोन-चार दिवसांत दुसरीकडे बिऱ्हाड करतात. विष नाही, मारामारी नाही. भाऊजी म्हणतात, भाडेकरूला हात न लावता घराबाहेर काढायचं.

पण एक गोष्ट सांभाळावी लागते. ज्या माद्या येतात त्या पिल्लं घालायला येतात. पिल्लू काही आठवडे उडत नाही. आई संध्याकाळी बाहेर जाते, पिल्लू आतच राहतं. त्या दिवसांत पडदा लावला तर आई बाहेर, पिल्लू आत, आणि पुढचं सांगायला नको. मग पिल्लं उडायला लागली हे कळायचं कसं? तर मोजून. रोज दिवेलागणीला बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची. आधी चाळीस भरत असतील आणि एक दिवस पंचाहत्तर-ऐंशी भरली, की समजायचं पोरं पंखावर आली. तो आकडा फुगेपर्यंत कुणी कितीही डोकं आपटलं तरी भाऊजी शिडी भिंतीला लावत नाहीत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक पिल्लू मेलेलं नव्हतं, आणि हे ते स्वतःहून कधी सांगायचे नाहीत, मीच सांगायचे.

मोजायला दोघं लागतात. भाऊजी घराच्या पुढे, ताई मागे. पुढे यासाठी की घरमालकाशी बोलणं भाऊजींना जमतं. मागे यासाठी की बहुतेक फटी मागेच असतात आणि ताई मोजण्यात त्यांच्यापेक्षा पक्की. दोघांच्या हातात बटणाचं एकेक मोजयंत्र. अंगठ्यानं दाबलं की टक् वाजतं आणि आकडा एकानं पुढे सरकतो. मोजताना बोलायचं नाही, हा नियम. अंधार पडला की भाऊजी मागे यायचे आणि विचारायचे, "मागचे किती?" ताई आकडा सांगायची, ते वहीत लिहायचे, आणि दोघं आपापलं स्टूल उचलून घरी. सव्वीस वर्षं दोघांनी उन्हाळ्यातल्या संध्याकाळी अशाच काढल्या, मध्ये एक परकं घर ठेवून.

ताईबद्दल सांगायचं तर मोजणं हाच तिचा अभिमान. लग्नाआधी ती बटणांच्या कारखान्यात होती, मोजणीच्या टेबलावर. समोर मूठभर बटणं टाकली की एकदा नजर फिरवून म्हणायची, सत्तावीस. मुकादम मोजायचा, सत्तावीसच. पुढे मुकादमानं मोजणं सोडलं. ना शिक्षण फार, ना रूप फार, असं ती स्वतःच म्हणायची, पण नजर देवानं सढळ हातानं दिली. लहानपणी मी तिच्यापासून एक लिमलेटची गोळी लपवू शकले नाही.

तर अशी ही माझी बहीण गेली दोन वर्षं जरा फुगल्यासारखी वागत होती. तुमच्याशी बोलायची, पण तुमच्याकडे बघायची नाही. कानाच्या पलीकडे, खांद्याच्या वर, कुठेतरी भिंतीकडे. मला वाटलं, वयाबरोबर भाव वाढला. मी एकदा म्हटलंही, "ताई, मी इकडे आहे, भिंतीला काय सांगतेस?" ती म्हणाली, "भिंत उलट उत्तर देत नाही." हसलो आणि विसरलो. भाऊजींचं मात्र ठाम मत होतं की ती त्यांच्यावर रुसली आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मागच्या दाराशी असलेलं झाड तिला न विचारता तोडलं होतं. "झाडापासून ही अशी," ते मला हळूच सांगायचे. माफी मागायची तर झाड काही परत येत नव्हतं, म्हणून त्यांनी तीही मागितली नाही.

यंदा कंपाउंडरचं घर आलं.

औषधांच्या दुकानात काम करणारा माणूस, तोलूनमापून बोलणारा. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या छपरात वटवाघळं होती, आणि त्याच खोलीत त्याची मुलगी महिन्याचं बाळ घेऊन राहायला यायची होती. नातवासाठी खोली रंगवून ठेवली होती आणि वरून लेंड्या पडत होत्या. त्याला घाई होती आणि मला ती कळत होती, पण दर दोन दिवसांनी फोन. "बाई, पिल्लं उडाली का?" मी म्हणायचे, "साहेब, उडाली की ती आधी आम्हाला कळवतात, मग आम्ही तुम्हाला." तो हसायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी पुढचे चार, मागचे एक्केचाळीस. आठवड्यानं पुढचे चार, मागचे त्रेचाळीस. आणखी दहा दिवसांनी ताईनं सांगितलं चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी ऐंशी. भाऊजी खूश झाले. "यंदा लवकर उडाली," म्हणाले, आणि मला पडदा काढून ठेवायला सांगितला. पडदा मी आधीच शिवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लागला.

त्याच्या पुढच्या सकाळी कंपाउंडरचा फोन. छपरातून चिवचिव येते आहे, पहाटे बाहेरून फळीवर काहीतरी आपटत होतं. मी सांगितलं, होतंच तसं, मागे राहिलेली एखाददुसरी असतात, दोन दिवस सोसा. हेही माझं पाठ केलेलं वाक्य. दहातल्या नऊ घरांत ते खरं ठरतं. त्याच्या पुढच्या दिवशी परत फोन, आवाज वाढला आहे म्हणून. तेव्हा मी शिवत होते, सुई तुटली होती, आणि मी जरा फटकारलंच. म्हटलं, "साहेब, घाई तुम्हाला आहे, वटवाघळांना नाही. उद्यापर्यंत थांबा."

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं फोन केला. ही बाई आमच्याशी कधी बोललेली नव्हती. म्हणाली, "बाई, आतून आवाज येत होता ना, तो आता थांबलाय." एवढंच. मी फोन ठेवला आणि भाऊजींना सांगितलं. त्यांनी कपातला चहा तसाच ठेवला आणि शिडी उचलली.

ते संध्याकाळ उलटून गेल्यावर आले. हातपाय धुतले, पुन्हा धुतले. मग ओट्यापाशी उभ्या असलेल्या ताईला नाही, मलाही नाही, मधल्या जागेला उद्देशून सांगितलं. फळी काढली. आत अडतीस पिल्लं होती. अंगठ्याएवढी, नुकती लव फुटलेली, पंख अजून अंगाला चिकटलेले. त्यातली सात जिवंत. ती परत फटीत ठेवली, जाळी काढून टाकली आणि अंधार पडेपर्यंत खाली उभे राहिले. आया आल्या, आत गेल्या. बाकीची एकतीस त्यांनी कंपाउंडरच्या अंगणात कडेला पुरली. "मोजली मी," ते म्हणाले. ताईनं गॅस बंद केला. जेवण कुणी वाढलं नाही.

त्या रात्रीपासून भाऊजींचं एकच चालू झालं. सव्वीस वर्षांच्या वह्या खाली काढल्या आणि तारखा लावत बसले. ऊन यंदा उशिरा चढलं होतं, म्हणजे पिल्लंही उशिरा झाली असणार, हे आपल्याला कळायला हवं होतं. मग आकडा ऐंशी कसा झाला? तर शेजारच्या कुठल्यातरी छपरातून दुसरी टोळी येऊन राहिली असणार. बाहेरच्यांनी आकडा फुगवला आणि मी त्याला पिल्लं समजलो. "हे मला ओळखता आलं पाहिजे होतं," ते म्हणायचे. "आकडा बरोबर होता. वाचणाऱ्याचं चुकलं." दिवसातून चारदा ते ही दुसरी टोळी नव्यानं सांगायचे, दर वेळी थोडी जास्त पटेल अशी. ताईचा आकडा चुकला असेल हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. ताई तिथेच बसून ऐकायची, मांडीवर हात ठेवून, भिंतीकडे बघत.

आठवड्यानं त्यांनी ठरवलं. एवढी सात पिल्लं उडेपर्यंत कंपाउंडरकडे जायचं, मग धंदा बंद. म्हातारपण डोक्यात शिरलं की माणसानं दुसऱ्याच्या छपराला हात लावू नये, असं म्हणाले. शिडी लगेचच पलीकडच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला देऊ केली, तो सोमवारी न्यायला येणार होता. नोंदवहीतल्या बावीस लोकांना फोन करून नाही म्हणायचं काम माझ्याकडे आलं. मी एकालाही फोन केला नाही. भाऊजींना मी बापाच्या जागी मानलेलं नाही, तेवढे ते मोठे नाहीत, पण घर सोडून आलेल्या बाईला काम देऊन वर तिचा मान ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तो माणूस दिवसभर वह्या उलगडून स्वतःलाच नालायक ठरवत बसला होता. मला ते बघवत नव्हतं.

रविवारी त्यांनी कामाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. जाळ्या कुणाला हव्या असतील तर द्या, म्हणाले, खिळे डब्यात टाका. मी पिशवी रिकामी केली. तळाशी दोन्ही मोजयंत्रं होती. भाऊजींचं दाबून बघितलं, टक् वाजलं. ताईचं दाबलं, बटण हललंच नाही. आत गंज चढून घट्ट बसलं होतं. काचेत आकडा होता सेहेचाळीस. मी फडक्यानं पुसलं, तेल सोडलं, सुईनं टोचलं. ढिम्म. असा गंज काही एका महिन्यात चढत नाही. मी ते हातात धरून बसले, आणि मग चौऱ्याहत्तर आणि ऐंशी आठवले.

ताई मागच्या पायरीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी यंत्र तिच्या मांडीवर टाकलं. "हे कधीपासून बंद आहे?"

तिनं चाचपून बघितलं. बघितलं म्हणजे बोटांनी. "गेल्या वर्षीपासून," म्हणाली.

"मग मोजत कशावर होतीस?"

"बोटांवर. आणि कानांवर." तिनं माझा परकर उलटा घडी केला होता, तो मी ओढून घेतला. ती म्हणाली, "चालू असतं तरी त्यातला आकडा कुठे दिसत होता मला. मधलं दिसत नाही बये. कडेकडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड नाही."

डॉक्टरकडे जाऊन आली होती. एकटी, मला बाजारात जाते सांगून. मधलं गेलेलं परत येत नाही, कडेचं राहील, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यानंतर ती आवाजावर मोजायला लागली. फटीतून बाहेर पडताना वटवाघळाची नखं फळीवर वाजतात, मग पंखाचा एक फटकारा. ते तिनं इतकं बसवलं होतं की गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या बाकी सगळ्या घरांत तिचे आकडे बरोबर आले. कंपाउंडरच्या मागच्या भिंतीला लागून शेजाऱ्याचा पाण्याचा पंप होता. नेमका दिवेलागणीला सुरू व्हायचा. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग तिनं सव्वीस वर्षांच्या सवयीनं जो आकडा यायला हवा तो सांगितला. आधी थोडा, मग फुगवून, बरोबर वेळेला.

मी तिला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण एकतीस जीव गेले हे मी दोनदा तरी म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना मला माझंच "दोन दिवस सोसा" आठवलं आणि आवाज खाली आला.

"सांगायचं होतंस ना," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं. काळजीपोटीच. आणि दुसऱ्या कुणाला घेतलं नसतं. मग धंदा बंद, आणि दोघं घरात. तेवढी एकच गोष्ट मला येत होती, तीही गेली असती."

"आता कुठे राहिली? ते स्वतःला वेडे ठरवून बसलेत तुझ्या ऐंशीपायी."

"मी सांगते. तू मूग गिळून बस." मी बसले. संध्याकाळी ते कंपाउंडरकडे निघाले, तिनं काही सांगितलं नाही. परत आले, जेवताना त्यांनी दुसरी टोळी परत सांगितली, तिनं काही सांगितलं नाही. मी ताट आपटलं, त्याचाही उपयोग झाला नाही.

सोमवारी रंगारी आला. बिचारा वेळेवर आला. भाऊजींनी शिडी भिंतीवरून उतरवली, एक टोक त्याच्या खांद्यावर दिलं, दुसरं स्वतः धरलं. तेवढ्यात ताई दाराच्या चौकटीला हात लावून बाहेर आली.

"शिडी खाली ठेवा," ती म्हणाली.

"अगं, बोलणं झालंय त्यांच्याशी."

"आकडा माझा खोटा होता."

भाऊजींना कळलं नाही. ती तशीच भिंतीकडे बघत सगळं सांगत गेली. मधलं दिसत नाही, दोन वर्षं झाली, कानावर मोजत होते, तिथे पंप होता. "ऐंशी व्हायला हवे होते म्हणून ऐंशी सांगितले. दुसरी टोळी नव्हती. तुमचं काही चुकलं नाही."

रंगाऱ्याच्या खांद्यावर शिडीचं टोक तसंच होतं. त्याला ठेवावं की धरावं कळेना.

"मी दुसरी टोळी म्हणत होतो," भाऊजी सावकाश म्हणाले.

"हो."

"आणि तू ऐकत होतीस."

"हो," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला रडताना आमची आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

भाऊजींनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ते झाडावरून नव्हतं?"

"कुठलं झाड?" ताई म्हणाली.

रंगारी म्हणाला, "मी मग नंतर येऊ का?" भाऊजींनी शिडी खाली ठेवली आणि चप्पल न घालता रस्त्यावर निघून गेले.

तीन दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत. रागावलेच होते, आणि रागावायला नको असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? कंपाउंडरकडे जाऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं, बायकोचं नाव न घेता, आमच्याकडून मोजण्यात चूक झाली एवढंच. कंपाउंडरनं ऐकून घेतलं. मुलगी आणि बाळ आता खालच्या खोलीत झोपत होते. सात पिल्लांसाठी अजून महिनाभर छप्पर तसंच ठेवावं लागेल म्हटल्यावर त्याची बायको आतून म्हणाली, ठेवा. चौथ्या दिवशी मी जाळी कापत होते तेव्हा भाऊजी येऊन बसले आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "पिल्लांचं तर आहेच," म्हणाले. "ते जाणार नाही. पण दोन वर्षं ती लोकांच्या मागच्या अंगणात अंधारात एकटी कान देऊन बसली होती, आणि मी पुढे उभा राहून माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. मला एकदा मागे जाऊन बघता आलं नाही." मलाही एकाच घरात राहून दिसलं नव्हतं, आणि माझे डोळे शाबूत होते.

त्या संध्याकाळी ते दारात उभे राहिले. दोन्ही स्टुलं त्यांच्या एकाच हातात. "चल, उशीर होतोय," म्हणाले. ताई ओट्यापाशी होती. तिनं विचारलं, "मी?" ते म्हणाले, "मग काय शिंपीणबाई मोजणार? त्यांना वटवाघळाचा वास सहन होत नाही." आणि मला म्हणाले, "तुम्हीही चला. पुढची बाजू तुमच्याकडे."

मी अकरा वर्षांत एकदाही मोजायला गेले नव्हते. फोन घेणं वेगळं आणि त्या प्राण्याखाली मान वर करून उभं राहणं वेगळं. पण गेले. भाऊजींनी स्वतःचं मोजयंत्र माझ्या हातात दिलं. मग कंपाउंडरच्या शेजाऱ्याकडे जाऊन पंप अर्धा तास बंद ठेवायची विनंती करून आले. शेजारी नाराज होता, पण त्यानं बंद केला. मग ताईला आणि दोन्ही स्टुलं घेऊन ते मागे गेले आणि मी पुढे उभी राहिले, फाटकापाशी, छपराच्या कडेकडे बघत.

उजेड कमी झाला. आत कुठेतरी बाळ रडलं आणि गप्प झालं. पहिलं वटवाघूळ माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा मी केस दोन्ही हातांनी धरले, ही गोष्ट मी फोनवर कुणाला सांगणार नाही. मग बटण दाबलं. टक्. दुसरं. टक्.

आणि मग मागून आवाज आला. भाऊजी मोजत होते, मोठ्यानं. मोजताना बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. "एक. गेलं वरच्या बाजूनं. दोन. हे विजेच्या तारेखालून गेलं. तीन." मग ताईचा आवाज, "चार." आणि भाऊजी, "कुठे आहे? हां, चार, आत्ता निघालं." फळीवर नखं वाजली की तिला आधी कळत होतं, आणि बाहेर आलं की ते तिला कुठे गेलं ते सांगत होते. आकाश कसं झालंय तेही सांगत होते. कडेला अजून लाल आहे, म्हणाले. ती म्हणाली, कडेचं मला दिसतं. ते म्हणाले, मग मी मधलं सांगतो.

मी फाटकाला टेकून ऐकत राहिले. माझ्या डोक्यावरून काही गेलं असेल, काही गेलं नसेल. अंगठा बटणावर होता आणि यंत्रात दोन होते.

पूर्ण अंधार झाल्यावर भाऊजी पुढे आले. एका हातात दोन्ही स्टुलं, दुसरा हात ताईच्या दंडाला. वही काखेत होती. "मागचे एकोणीस," म्हणाले. "दोघांचे सारखे आले. पुढचे किती?"

इथून रोज चार जातात हे मला माहीत होतं. चार हा आकडा माझ्या अगदी ओठावर आला. ताई माझ्या कानाकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत होती.

"चुकले," मी म्हटलं. "दोननंतर लक्षच राहिलं नाही."

भाऊजींनी वही उघडली, पुढच्या रकान्यात रेघ ओढली आणि बंद केली. "मग उद्या परत यायला लागणार," ते म्हणाले, आणि दोन्ही स्टुलं माझ्या हातात दिली.